चीर मिटते म्हणजे काय होते?

हिरव्या रंगाची, तीनेक मिलिमीटर जाडीची, वर पांढऱ्या चौकटी छापलेली मॅट. हौसेने शिवणकाम किंवा कागदकाम करणाऱ्यांच्या टेबलावर ती आता हमखास दिसते. तिच्यावर कापड अंथरायचे, पोलादी पट्टी दाबून धरायची आणि गोल पात्याचा कटर ओढायचा. कापडाचे दोन तुकडे होतात, मॅटवर केसाएवढी रेघ उमटते आणि तळहात फिरवेपर्यंत ती दिसेनाशी होते. दुकानात हिला सेल्फ-हीलिंग मॅट म्हणतात. स्वतःची जखम स्वतःच भरून काढणारी, असा तिचा लौकिक.

आता तीच मॅट दोन्ही हातांत धरावी आणि कापलेली बाजू वर येईल अशी जरा वाकवावी. बुजली म्हणून आपण विसरून गेलेली चीर ओठ उघडावेत तशी उघडते. तिच्याशेजारी कालची, तिच्यापलीकडे महिन्यापूर्वीची. एकही गेलेली नसते. मॅट परत सपाट ठेवली की सगळ्या मिटतात आणि पुढचे पाते त्यांच्यावरून न अडखळता जाते.

मग भरून काय निघाले? प्रश्न प्लॅस्टिकचा म्हणून विचारला तर उत्तर चार ओळींत संपते. पण कापलेले पुन्हा जुळले की कापणे पुसले जाते, की ते फक्त आड यायचे थांबते, हा आपल्याकडचा फार जुना आणि चांगलाच तापलेला वाद आहे. त्यात पुराणे आहेत, धर्मशास्त्र आहे, न्यायदर्शन आहे. आणि त्याचे एक टोक हुबळीच्या दाजीबानपेठेत सापडते.

दाजीबानपेठ ही हुबळीच्या मधल्या गजबजाटातली, दुर्गदबैलाजवळची पेठ. तिथले तुळजाभवानीचे मंदिर सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचे. कन्नडमध्ये या लोकांना पट्टेगार म्हणतात, खानावळीच्या पाटीवर ते सावजी होतात. पिढीजात धंदा विणकामाचा, आणि घरातल्या बोलीत मराठी, गुजराती, हिंदी यांची सरमिसळ. हा समाज ज्याला आपला मूळपुरुष मानतो तो सहस्रार्जुन म्हणजे हैहयांचा राजा कार्तवीर्य. त्याचे हजार हात परशुरामाने छाटले. परशुरामाच्या कोपातून जे वाचले त्यांनी शस्त्र खाली ठेवले आणि माग धरला, अशी कथा समाजात सांगितली जाते. छाटलेले हात पुन्हा फुटल्याचे ती कुठेच सांगत नाही. जखम भरण्याची ही गोष्टच नव्हे. तुटल्यावर वेगळे काहीतरी होऊन जगायची ही गोष्ट आहे.

त्याच परशुरामाच्या हातचा दुसरा घाव मात्र जुळला. त्याची आठवण धारवाडहून फार लांब नसलेल्या सौंदत्तीच्या डोंगरावर, यल्लम्मा म्हणून पुजल्या जाणाऱ्या रेणुकेपाशी जागी असते. महाभारताच्या वनपर्वात ही हकीकत थोडक्यात येते. जमदग्नी मुलांना त्यांच्या आईला, रेणुकेला, मारण्याची आज्ञा देतो, थोरले चार भाऊ ती पाळत नाहीत, धाकटा परशुराम पाळतो. बाप खूश होऊन वर माग म्हणतो. आई उठावी, एवढे एकच मागणे परशुराम करत नाही. तो यादीच देतो. आई जिवंत व्हावी. आपला वध झाला होता हे तिला आठवू नये. त्या पापाचा आपल्याला स्पर्श होऊ नये. शापाने जड झालेले भाऊ पूर्ववत व्हावेत. आणखीही दोन मागण्या आहेत, पण त्या त्याच्या स्वतःच्या पराक्रमाच्या आणि आयुष्याच्या.

ही यादी बारकाईने पाहण्यासारखी आहे. शीर धडाला जुळले की सगळे पहिल्यासारखे होते, असे कथाकाराला वाटत असते तर पहिला वर पुरला असता. शरीर जुळणे, आठवण जाणे आणि कापणाऱ्याचा दोष फिटणे ही तीन निरनिराळी कामे आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळा वर लागतो, हे त्याने ओळखलेले आहे. दक्षिणेतल्या काही लोककथा तर पुढे जाऊन सांगतात, की शिरे जोडताना रेणुकेची आणि दुसऱ्या एका स्त्रीची अदलाबदल झाली. जुळलेले तेच आहे का, हाही प्रश्न मग उरतोच.

मॅट यातले पहिले कामसुद्धा पुरते करत नाही. ती असते पीव्हीसीची, बहुधा तीन किंवा पाच थरांची. वरचा आणि खालचा थर मऊ, मध्ये कडक गाभा. पीव्हीसी मुळात ताठ. त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळली की ते लवचिक होते. धारदार पाते अशा थरात शिरते तेव्हा ते माल खरवडून बाहेर काढत नाही, दोन बाजूंना सारते. पाते निघाले की सारलेल्या बाजू आपल्या लवचिकपणाने परत एकमेकींना भिडतात. तुटलेल्या रेणूंच्या साखळ्या जुळत नाहीत, नवा माल येत नाही. दोन कडा शेजारी येऊन उभ्या राहतात, इतकेच.

म्हणूनच कसे कापले याला फार महत्त्व आहे. पाते सरळ उभे आणि धारदार असेल, हात हलका असेल, तर चीर मिटते. पाते कलते धरले तर पृष्ठभागाची बारीक ढलपी निघते. ती जागा मिटणार कशी, तिथला माल गेलेला असतो. बोथट पात्यावर जोर काढून कडक गाभ्यापर्यंत गेले तर तीही खाच कायमची. एकाच रेघेवर रोज कापत राहिले तर तिथे चर पडतो. ऊन किंवा गरम भांडे लागले तर मॅट वाकडी होते. आणि शिंपीकाम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे तूस. फ्लॅनेल किंवा लोकरी कापड कापताना पाते त्याचे तंतू चिरेत कोंबते. कडा भिडायला तयार असतात, पण मध्ये कापडाचा कण बसलेला असतो. अशा वेळी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश घेऊन ते तंतू काढले की अनेक ‘न भरणाऱ्या’ चिरा भरतात.

या मॅटचा संसार जुळला तो गोल पात्याच्या कटरशी. तो ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणला. त्याआधी १९५६ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादाने टोक बोथट झाले की एक तुकडा मोडून टाकायचे पाते तयार केले होते. चांभार फुटक्या काचेच्या कडेने काम करतात आणि कड बोथटली की ती पुन्हा फोडतात, हे पाहून, आणि चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा आठवून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. एका बाजूला मोडून नवे होणारे पाते, दुसऱ्या बाजूला कापून घेऊन तशीच राहणारी मॅट. जोडी विचित्र आहे खरी.

चीर आत राहूनही मॅट कामाची कशी राहते, हे नीट सांगायला कल्याणीच्या चालुक्यांकडे वळावे लागते. आजच्या बसवकल्याणला, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वकिलांना ती वारसाहक्कासाठी माहीत असते. पण स्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायावरची तिची चर्चा तितकीच धारदार आहे. याज्ञवल्क्य सांगतो, की नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतीत मात्र माणूस प्रायश्चित्ताने फक्त व्यवहार्य होतो, म्हणजे त्याच्याशी लोकांना व्यवहार ठेवता येतो. आक्षेपक विचारणारच, की पाप आहे तसे असेल तर व्यवहार कसा चालेल? विज्ञानेश्वराचे उत्तर असे: पापाला दोन शक्ती असतात. एक नरकाला नेणारी, दुसरी समाजातला व्यवहार अडवणारी. पहिली नष्ट झाली नाही तरी दुसरी होऊ शकते.

मॅटवर काय घडते याचे इतके नेमके वर्णन कुठल्या पॅकेटवर सापडणार नाही. चिरेच्याही दोन शक्ती आहेत. एक द्रव्य तोडते, दुसरी पुढच्या पात्याला अडवते. मॅट दुसरी घालवते. पहिलीला तिने हातही लावलेला नसतो. मॅट सरळ ठेवून काम करणाऱ्याला हे कधी कळतही नाही, कारण त्याला पहिल्या शक्तीशी कर्तव्यच नसते.

धर्मशास्त्रातही सगळ्यांनी विज्ञानेश्वराची वाट धरली नाही. त्याच ओळीत अकार धरून ‘अव्यवहार्य’ असे वाचणारे होते. त्यांच्या मते प्रायश्चित्त परलोकापुरते काम करील, पण बुद्ध्या पाप केलेल्याला लोकांनी जवळ करू नये. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, व्रतातून ढळलेल्या नैष्ठिक, म्हणजे आजन्म व्रत घेतलेल्या, ब्रह्मचाऱ्याला प्रायश्चित्त असो वा नसो, शिष्टांनी बाहेरच ठेवावे असे म्हटले आहे. म्हणजे एका पक्षाला चीर आत राहिली तरी चालते, वर हात फिरला पाहिजे. दुसऱ्याला आत भरून आली तरी वरची रेघ पुसायची नाही. दुसरा पक्ष तर्काने चुकीचा नसेल, पण त्याने किती माणसे उंबऱ्याबाहेर ठेवली याचा हिशेब मोठा आहे.

मराठी इतिहासात हा वाद पोथीत राहिलेला नाही. फलटणचे बजाजी निंबाळकर विजापूर दरबारी मुसलमान झाले आणि पुढे प्रायश्चित्त घेऊन परतले. शिवाजी महाराजांनी आपली मुलगी सखूबाई बजाजींच्या मुलाला, महादजीला दिली. बजाजींच्या पापाचे काय झाले हे ठरवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. बेटीव्यवहार करून टाकला, की दुसरी शक्ती संपलीच. प्रायश्चित्ताच्या विधीपेक्षा त्या एका सोयरिकीने जास्त काम केले असणार. नेताजी पालकरांना १६७६ मध्ये हिंदू धर्मात परत घेतले गेले तेव्हाही प्रश्न हाच होता: माणूस पंगतीला बसणार की नाही.

दोनशे वर्षांनी पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला. साल १८९०. उपस्थितांत रानडे होते, टिळक होते. नावे छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, पेटले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही पुढे घेतले आणि सुधारक त्यांच्यावर चिडले. मिशनमधला चहा पिणे हे पाप आहे असे रानड्यांना वाटत होते, असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. पण बहिष्काराची झळ स्नेह्यांच्या घरांनाही लागते, लग्नेमुंजी अडतात. जिथे पहिली शक्ती मुळातच नाही अशा ठिकाणी त्यांनी फक्त दुसरीची किंमत मोजली. सुधारकांचा राग समजण्यासारखा आहे, कारण मोजलेली किंमत पाहणाऱ्याला कबुलीसारखी दिसते. तरीही या प्रकरणात रानडे विज्ञानेश्वराला जास्त नीट समजले होते, असे म्हणावेसे वाटते.

न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, या सगळ्यांपेक्षा कडक. त्यांचे आवडते उदाहरण कापडाचेच आहे, त्यामुळे पेठेतल्या विणकराला ते लगेच कळावे. कापड म्हणजे नुसता धाग्यांचा गठ्ठा नव्हे. धाग्यांच्या संयोगातून निर्माण झालेली ती वेगळी वस्तू आहे. त्यातला एक धागा काढला की तो संयोग मोडतो आणि जुने कापड नष्ट होते. हातात उरते ते खंडपट, नव्याने उत्पन्न झालेले दुसरे कापड. डोळ्यांना तेच वाटते, पण ते सारखेपणामुळे. या मताप्रमाणे बरे होणे ही गोष्टच शिल्लक राहत नाही. जखमी झालेली वस्तू गेली. जी समोर आहे ती कधी जखमी नव्हतीच. इरकल साडीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा निराळे असतात आणि फासे घालून एकमेकांत अडकवले जातात. ती जोड सुटली तर साडी फाटली म्हणायचे की संपली, यावर नैयायिक आणि नेसणारी यांचे एकमत होणे कठीण. आणि गीतेच्या वाटेने जाणारा दोघांनाही थांबवून म्हणेल, की जे शस्त्राने कापले जाते त्याची चर्चा कशाला, आत्मा कापला जातच नाही. हुबळीतच सिद्धारूढांचा मठ आहे आणि तिथे अद्वैताचा हा पाठ शंभरावर वर्षे चालू आहे. उत्तर भक्कम आहे. फक्त ज्याला खरोखर कुणी कापले आहे त्याच्यासमोर ते मांडायची वेळ जपून निवडावी लागते.

काही वस्तूंना आपण जुळण्याची परवानगीच देत नाही. हुबळीच्या बेंगेरीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात राष्ट्रध्वज तयार होतात. कापड, शिलाई, चक्राची छपाई, सगळे मानक संस्थेच्या मापात बसावे लागते. फाटलेला किंवा विरलेला ध्वज फडकवू नये, तो खासगीत, सन्मानाने, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करावा, असे ध्वजसंहिता सांगते. रफूचा विषयच नाही. खंडित मूर्तीबद्दलही साधारण हाच नियम: पूजेतून काढावी, पाण्यात सोडावी.

पण दक्षिणेश्वरला १८५५ मध्ये राणी रासमणीचे मंदिर झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात तिथल्या कृष्णमूर्तीचा पाय पुजाऱ्याच्या हातून पडून मोडला. पंडितांनी विसर्जन सांगितले. तेव्हा तरुण असलेल्या रामकृष्णांनी राणीला विचारले, जावयाचा पाय मोडला तर त्याला टाकून दुसरा आणाल, की वैद्य बोलवाल? त्यांनी तो पाय स्वतः जोडला आणि त्याच मूर्तीची पूजा पुढे चालू राहिली. जोड होती, सगळ्यांना माहीत होती. तिला झाकायचे किंवा मिरवायचे कारण कुणाला वाटले नाही. तुटलेले भांडे सोन्याने सांधण्याच्या जपानी रीतीचे दाखले हल्ली भाषणाभाषणांतून ऐकू येतात. त्यापेक्षा हा दाखला घरचा आहे आणि कमी अलंकारिक.

खरोखर आतून जुळणारे पदार्थ आता प्रयोगशाळांत आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे प्लॅस्टिक केले, ज्यात दुरुस्तीचे द्रव्य सूक्ष्म कुप्यांत भरून ठेवलेले होते. तडा गेला की कुप्या फुटतात, द्रव्य पसरते आणि घट्ट होते. चिवटपणा ७५ टक्क्यांपर्यंत परत आला. पण तिथली कुपी एकदाच फुटते. पॅरिसमध्ये २००८ साली लुडविक लाइब्लर यांच्या गटाने असे रबर केले, की कापलेली टोके खोलीच्या तापमानाला एकमेकांना नुसती दाबून धरली तरी सांधतात. मात्र तुकडे जितका जास्त वेळ दूर राहतील तितके जुळणे उणावते. २०२१ मध्ये कोलकात्याच्या आयसर आणि खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी तुटल्यावर आपोआप जुळणारे स्फटिक दाखवले. यांच्यापुढे आपली हिरवी मॅट अडाणीच ठरते. मात्र रोज कापून घेण्याचे काम तिचे आहे, आणि त्या कामाला दुसरी शक्ती जाणे पुरते.

पुरते, हे ठरवतो मात्र कापणारा. वनपर्वातल्या त्या यादीत सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. आईला वध आठवू नये, हा वर ज्याने घाव घातला त्याने मागितला. देणारा होता तो ज्याने घाव घालायला सांगितले. रेणुकेला कुणी विचारले नाही. तिचे विसरणे त्या घरात पुन्हा व्यवहार सुरू होण्यासाठी हवे होते. मॅट वाकवून पाहायची गरज कापणाऱ्याला सहसा पडत नाही, तसेच हे. विज्ञानेश्वराचा मोठेपणा असा, की त्याने व्यवहार पुन्हा चालू करायला मुभा दिली, पण त्याच वाक्यात बजावले की पहिली शक्ती तशीच असू शकते. दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारे फार थोडे. समेट घडवून आणणाऱ्या पंचांपासून माफीनामे लिहून घेणाऱ्या संस्थांपर्यंत बहुतेकांना व्यवहार सुरू झाला म्हणजे जखम भरली, असेच लिहून हवे असते.

हा वाद मुळातून वाचायचा असेल तर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा चौथा खंड काढावा. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आरंभीच पातक आणि प्रायश्चित्त यांची प्रकरणे आहेत. याज्ञवल्क्याच्या त्या ओळीवर टीकाकारांनी काय काय केले हे काण्यांनी पक्षनिहाय मांडले आहे, आणि वकिलीची सवय असल्यामुळे कुणालाही सोडलेले नाही.